टिळकांच्या पत्राला आलेलं उत्तर : तत्त्वांमुळे अमेरिकेचं परराष्ट्र धोरण खरंच बदलतं का?

घाटवाट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी भाच्याशी कडाक्याचा वाद झाला. त्याचं म्हणणं, "मामा, देशांना तत्त्वं नसतात. अमेरिका लोकशाहीचा जप करते तो तेलासाठी आणि लष्करी तळांसाठी. बाकी सगळा मुलामा." वाद जेवणाच्या ताटावर सुरू झाला आणि हात वाळेपर्यंत चालला. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

सुरुवात टिळकांपासून करतो. १९१८ च्या अखेरीस टिळक लंडनमध्ये होते, चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर घातलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन तहाच्या वाटाघाटींसाठी पॅरिसला निघाले होते. त्यांनी १९१८ च्या ८ जानेवारीला चौदा कलमं मांडली होती आणि फेब्रुवारीत आणखी पुढे जाऊन स्वयंनिर्णय हा नुसता बोलायचा शब्द नाही असं जाहीर सांगितलं होतं. डिसेंबरात दिल्लीच्या काँग्रेस अधिवेशनाने तेच सूत्र पकडून हिंदुस्थानासाठी स्वयंनिर्णय मागितला आणि पॅरिसला पाठवायच्या प्रतिनिधींत टिळकांचं नाव घातलं. ब्रिटिश सरकारने त्यांना जाऊ दिलं नाही. हिंदुस्थानाच्या नावाने तिथे बसले बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा.

मग टिळकांनी पत्रं लिहिली. एक विल्सनना, एक तहपरिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना. हिंदुस्थानाला कुणाच्या भूमीचा लोभ नाही, आशियात शांतता टिकवायला त्याचा मोठा आधार होईल, अशी मांडणी होती. विल्सनच्या चिटणिसाकडून जानेवारी १९१९ मध्ये उत्तर आलं. त्याचा मतलब एवढाच, की हिंदुस्थानाच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न यथावकाश योग्य अधिकारी हाती घेतील. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

भाचा म्हणेल, बघा, मी तेच म्हणत होतो. पण टिळक भाबडे नव्हते. मंडालेत सहा वर्षं काढलेल्या माणसाला साम्राज्य कसं चालतं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी विल्सनच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नव्हती, त्यांनी विल्सनचा शब्द धरला होता. बलाढ्य देशाने भर सभेत एखादं तत्त्व उच्चारलं की ते एकट्या त्याच्या मालकीचं राहत नाही. त्याच महिन्यांत इजिप्तमध्ये झगलूल पाशा तोच शब्द घेऊन उठले, कोरियात १ मार्च १९१९ ला लोक रस्त्यावर आले, चीनमध्ये ४ मे चं आंदोलन पेटलं, आणि पुढे हो ची मिन्ह म्हणून जगाला माहीत झालेला तरुण पॅरिसमध्ये व्हिएतनामसाठी अर्ज घेऊन हिंडत होता. विल्सननी यातल्या एकाचंही काम केलं नाही. पण शब्द त्यांना परत घेता आला नाही.

पुढे १९४१ च्या अटलांटिक सनदेत रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी मिळून लिहिलं की प्रत्येक जनतेला आपली राज्यपद्धती निवडायचा हक्क आहे. महिन्याभरात चर्चिलनी पार्लमेंटात सांगितलं, हे हिंदुस्थानाला लागू नाही. १ जुलै १९४२ ला गांधीजींनी थेट रूझवेल्टना लिहिलं, की हिंदुस्थान आणि आफ्रिका भरडले जात असताना, आणि खुद्द अमेरिकेत काळ्या लोकांचा प्रश्न तसाच असताना, तुमच्या घोषणा पोकळ वाटतात. असं पत्र लिहायला समोरच्याने आधी घोषणा केलेली असावी लागते. हिटलरला असं पत्र लिहून कुठली घोषणा आठवून देणार?

म्हणून माझं मत : आदर्शवादाने बलाढ्य राष्ट्र सज्जन होत नाही, पण दुबळ्याच्या हाती त्याचं उपरणं येतं.

---

खारफुटी

घाटवाट, लेख मनापासून लिहिलाय, पण असहमत. साफ असहमत.

तुम्ही विल्सनची अर्धीच बाजू मांडलीत. याच विल्सनच्या राजवटीत १९१५ साली अमेरिकी नौसैनिक हैतीत उतरले, ते १९३४ पर्यंत हलले नाहीत. पुढच्याच वर्षी शेजारचं डॉमिनिकन रिपब्लिक ताब्यात घेतलं. वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या आणि गोऱ्या कारकुनांना वेगळं बसवायला याच माणसाच्या मंत्र्यांनी सुरुवात केली आणि यांनी ती उचलून धरली. आणि पॅरिसमध्ये एप्रिल १९१९ मध्ये जपानने राष्ट्रसंघाच्या करारात समानतेचं वाक्य घालायची मागणी केली, तेव्हा १७ पैकी ११ मतं बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन. त्यांनी निर्णय दिला की एकमत नाही, ठराव नामंजूर. टिळकांच्या पत्राचं खरं उत्तर तिथे मिळालं, जानेवारीतला चिटणिसाचा कागद नुसता नमुना होता.

पण ढोंग हा माझा मुख्य आक्षेप नाही. ढोंगी माणूस एक वेळ परवडतो. मला भीती वाटते ती खरोखर श्रद्धा असलेल्याची.

स्वार्थासाठी लढणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं, कारण त्याच्याकडे जमाखर्चाची वही असते. १९९१ मध्ये थोरल्या बुशनी कुवेत सोडवला आणि सैन्य थांबवलं. बगदादला जाऊन काय हाती लागणार, याचा हिशेब त्यांनी केला होता. २००३ मध्ये धाकटे बुश गेले ते शस्त्रांचं कारण सांगून. शस्त्रं सापडली नाहीत, मग लोकशाहीचं कारण पुढे आलं. जानेवारी २००५ च्या शपथविधीच्या भाषणात तर जगातली जुलूमशाही संपवणं हेच अमेरिकेचं अंतिम ध्येय म्हणून सांगितलं. मला वाटतं तो माणूस ते मनापासून बोलत होता आणि खरा धोका तोच होता. मे २००३ मध्ये अमेरिकेने इराकचा कारभार बघायला नेमलेल्या पॉल ब्रेमरनी एका फर्मानाने इराकी सैन्य बरखास्त केलं. नवी लोकशाही स्वच्छ पाटीवर लिहायची होती ना! लाखो माणसं एका दिवसात बेकार झाली, आणि त्यांना येत होतं ते काम एकच, बंदूक चालवायचं. पुढे काय झालं ते आपण दोन दशकं बातम्यांत पाहिलं.

जॉन क्विन्सी ॲडम्स परराष्ट्रमंत्री असताना ४ जुलै १८२१ च्या भाषणात सांगून गेले होते, की अमेरिका राक्षसांना मारायला परदेशी जात नाही. तिची सदिच्छा सगळ्यांच्या स्वातंत्र्याला, पण राखण फक्त स्वतःच्या. मला हा माणूस विल्सनपेक्षा जास्त नीतिमान वाटतो.

---

निवृत्त मास्तर

खारफुटी, जमाखर्चाच्या वहीचं कौतुक वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

१९७१ च्या शेवटी मी शाळेत होतो. वडिलांनी पाकीट पोस्टात टाकायला दिलं की बरोबर पाच पैसे जास्त द्यायचे. नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक तिकीट चिकटवावं लागे, शरणार्थी साहाय्याचं. तिकिटामागचा गोंद जिभेवर येई, त्याची चव आजही आठवते. पूर्व बंगालातून एक कोटीच्या आसपास माणसं आपल्याकडे आली होती आणि त्यांच्या पोटासाठी आमच्या गावातलं प्रत्येक पाकीट पाच पैसे भरत होतं.

त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये तुमच्या जमाखर्चवाल्यांचंच राज्य होतं. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर. यांच्याइतके स्वार्थाचा चोख हिशेब ठेवणारे अमेरिकेला क्वचितच मिळाले असतील. पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान त्यांना चीनचं दार उघडून देत होते. जुलै १९७१ मध्ये किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेले. म्हणून ढाक्यात २५ मार्चपासून पाकिस्तानी लष्कराने जी कत्तल चालवली होती त्याबद्दल एक अवाक्षर काढायचं नाही असं ठरलं. याह्याला आत्ता पिळू नका, असं निक्सननी २८ एप्रिलच्या टिपणावर स्वतःच्या हाताने लिहून दिलंय.

आणि त्याच सरकारचा ढाक्यातला वाणिज्यदूत, आर्चर ब्लड, त्याने ६ एप्रिलला तार पाठवली. वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. आपलं सरकार लोकशाहीच्या दडपणुकीचा निषेध करत नाही, माणसं मारली जाताना गप्प बसतं, पुष्कळांना ही नैतिक दिवाळखोरी वाटेल, असं त्यांनी आपल्याच सरकारला तोंडावर सांगितलं. ब्लडना ढाक्याहून हलवण्यात आलं आणि त्यांची नोकरी पुढे रखडली. ब्लडनी सैन्य मागितलं नव्हतं. बोला, एवढंच मागितलं होतं.

म्हणजे ७१ मध्ये अमेरिकेचं नुकसान कोणी केलं? आदर्शवादी ब्लडनी की हिशेबी किसिंजरनी? डिसेंबरात 'एंटरप्राइज' विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, ढाका पडायचं ते पडलंच, आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीच्या मनातून अमेरिका उतरली. मी त्याच पिढीतला. हा खर्च त्यांच्या वहीत कुठल्या पानावर आहे?

आणखी एक. १९९१ चं उदाहरण तुम्ही दिलंत, त्यातला मार्च महिना गाळलात. थोरल्या बुशनी फेब्रुवारीत इराकी जनतेला सद्दामला हटवायचं आवाहन केलं. दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द उठले. अमेरिकी फौजा जवळच होत्या आणि सद्दामची हेलिकॉप्टरं त्यांच्या डोळ्यांदेखत त्या लोकांवर उडत होती. हिशेबी माणूस थांबला खरा. पण कोणाच्या जिवावर थांबला?

---

रानपाखरू

मास्तर, +१. तिकिटाची आठवण वाचून आमच्या आईनेही ते तिकीट आठवून सांगितलं.

---

शेवंता

मला दोन्ही बाजूंना विचारायचंय. ज्याच्या ताटात ही तत्त्वं पडतात त्याला ती कशी लागतात?

माझी आजी सांगोल्याकडची. ७२ च्या दुष्काळाचं बोलणं निघालं की ती आधी मिलोचं नाव काढायची. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. थापताना भाकरीला चिरा पडायच्या, तव्यावर टाकताना ती हातातच मोडायची, आणि गार झाली की घशाखाली उतरत नसे. "पण त्यानंच जगलो," हेही ती त्याच दमात म्हणायची. तिच्या तोंडून मी अमेरिकेला शिवी ऐकली नाही आणि आभारही ऐकले नाहीत.

त्याआधीची गोष्ट मी पुढे वाचली. १९६५-६६ मध्ये पाऊस गेला तेव्हा आपण अमेरिकी गव्हावर होतो. कार्यक्रमाचं नाव 'शांततेसाठी अन्न'. आणि जॉन्सन अध्यक्ष असताना गव्हाची एकेक खेप स्वतः अडवून, मोजून सोडत होते, कारण आपल्या शेतीधोरणात त्यांना बदल हवे होते आणि आपण व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल बोलत होतो ते त्यांना खुपत होतं. लोक म्हणत, जहाजातून थेट तोंडात. पुढचं जहाज आलं नाही तर काय, हा प्रश्न दिल्लीतल्या माणसांनी रोज झोपताना उशाशी घेतला.

घाटवाट, तुम्ही म्हणता तत्त्वाचा शब्द दुबळ्याच्या हाती येतो. येतो. पण तत्त्वाचा घास येतो तेव्हा त्याला दोरी बांधलेली असते आणि दोरीचं टोक त्यांच्याकडे असतं. ही दोरी भाच्याला दिसते आणि तुम्हाला दिसत नाही, असं मला वाटतं.

---

न्यूजर्सीकर

मी गेली चोवीस वर्षं इथे राहते, मतदान करते, कर भरते. या चर्चेत एक गोष्ट सुटतेय. सगळे जण आदर्शवाद व्हाइट हाउसमध्ये शोधताहेत. माझ्या पाहण्यात तो तिथे फार कमी वेळा जन्मतो. तो खालून वर जातो, आणि पुष्कळदा अध्यक्षांची इच्छा नसताना जातो.

मास्तरांचं ७१ च घ्या. जुलै महिन्यात बाल्टिमोर बंदरात 'पद्मा' नावाचं पाकिस्तानी जहाज लष्करी माल न्यायला येणार होतं. क्वेकर पंथाचे कार्यकर्ते आणि त्यांचे सोबती वल्ह्यांच्या छोट्या होड्या घेऊन त्या जहाजाला आडवे गेले. एवढ्या अजस्र जहाजापुढे त्या होड्या म्हणजे पाण्यावरची पानं! पोलिसांनी पकडून नेलं. पण नंतर गोदी कामगारांनी अशा जहाजांवर माल चढवायला नकार दिला. त्यांच्यातल्या कितीजणांनी नकाशावर ढाका पाहिलं असेल? ऑगस्टमध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी बंगालमधल्या छावण्यांतून चिखल तुडवत हिंडून आले आणि परत येऊन आपल्याच सरकारवर बोलले.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. तिथल्या वर्णभेदी सरकारवर अध्यक्ष रेगनना निर्बंध नको होते. कॉलेजांत, चर्चमध्ये, कामगार संघटनांत वर्षानुवर्षं चळवळ चालली आणि १९८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. यात तेल नव्हतं, तळ नव्हता. उलट हिशेबी लोक सांगत होते की सोनं आणि खनिजं जातील, रशिया घुसेल.

आणि खारफुटी, ज्या बुशवर तुम्ही तुटून पडलात (योग्यच आहे) त्यांचं २८ जानेवारी २००३ चं भाषण पाहा. एकाच भाषणात त्यांनी इराकच्या युद्धाची तयारी सांगितली आणि एड्सविरुद्ध पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची योजना मांडली. एका तोंडातून दोन आदर्शवाद निघाले. एकाने काय झालं ते तुम्ही सांगितलंत. दुसऱ्याने सुमारे अडीच कोटी जीव वाचल्याचं सरकारी आकडेच सांगतात, बहुतेक आफ्रिकेतले. मग २०२५ मध्ये परदेशी मदतीचं अख्खं खातं बंद करून उरलेलं काम परराष्ट्र खात्यात टाकलं. तत्त्वं सोडून फायद्याचं बघा म्हणणाऱ्यांच्या मनासारखं झालं. त्याचे परिणाम दवाखान्याच्या दारात औषधासाठी उभ्या असलेल्या बाईला भोगावे लागतात.

शेवंताताई, दोरीचं म्हणणं मला मान्य आहे. पण दोरी कापताना घासही जातो.

---

घाटवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी मान्य करतो.

खारफुटी, जपानच्या ठरावाचं मला माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. लेखाला सोयीचं नव्हतं म्हणून गाळलं, ही चूकच. आणि इराकच्या बाबतीत माझ्याकडे बचाव नाही.

पण मास्तरांनी ब्लडबद्दल जे लिहिलं त्याने मला फरक सापडला असं वाटतं. तत्त्वासाठी स्वतःचा हात आवरणं वेगळं आणि तत्त्वासाठी दुसऱ्यावर हात उगारणं वेगळं. याह्याला शस्त्रं देऊ नका, हे पहिलं. इराकमध्ये घुसून लोकशाही उभारा, हे दुसरं. कार्टर १९७७ मध्ये आले तेव्हा त्यांनी मानवी हक्कांच्या नावाने अर्जेंटिनाच्या लष्करशहांची लष्करी मदत कापली. त्यासाठी एकही सैनिक कुठे उतरवावा लागला नाही. त्या देशात माणसं रातोरात बेपत्ता होत होती आणि तुरुंगातून जिवंत सुटलेल्या काहींनी या दबावामुळे आपण वाचलो असं पुढे सांगितलंय.

कार्टर यांचं नाव निघालंच आहे तर थोडं अवांतर. त्यांच्या आई, लिलियन कार्टर, अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेच्या 'पीस कोअर'च्या (परदेशी स्वयंसेवक पाठवणारी सरकारी योजना) स्वयंसेविका होऊन मुंबईत आल्या आणि १९६६ ते ६८ विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात काम करत होत्या. म्हणजे जॉन्सन जहाजं मोजून सोडत होते, त्याच काळात ही बाई विक्रोळीत रुग्णांची सेवा करत होती. एकाच देशाची ही दोन रूपं एकाच वर्षात आपल्या वाट्याला आली, हे मला विसरता येत नाही.

---

खारफुटी

हात आवरणं आणि हात उगारणं, हा फरक चांगला आहे. ॲडम्स तेच सांगत होते, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूला आलात असं मी समजतो.

तरी दोन शंका राहतात. कार्टरनी अर्जेंटिनाची मदत कापली, पण ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानमध्ये इराणच्या शहासमोर पेला उंचावून इराण म्हणजे स्थैर्याचं बेट असंही तेच म्हणाले. शहाच्या 'सावाक' या गुप्त पोलिसांनी तेव्हा तुरुंगात माणसांचे काय हाल चालवले होते हे त्यांच्या कचेरीला माहीत होतं. वर्ष-सव्वा वर्षात शहा देश सोडून पळाला आणि इराणी लोकांनी तो उंचावलेला पेला लक्षात ठेवला. त्याआधी १९५३ मध्ये अमेरिकेच्या मदतीने इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांना पाडलं गेलं तेही लक्षात होतंच. म्हणजे हात आवरायचा तोही जिथे फार काही बुडत नाही तिथेच. ज्याला सोसावं लागतं त्याला हा फरक कळतो, आणि तो तुमच्यावर दुप्पट चिडतो. किसिंजरकडून कुणी न्यायाची अपेक्षा केली नव्हती, कार्टरकडून केली होती.

दुसरी शंका रवांडाची. १९९४ मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि क्लिंटन यांचं परराष्ट्र खातं 'वंशसंहार' हा शब्द टाळायला कसरत करत होतं, कारण शब्द उच्चारला की काहीतरी करावं लागेल अशी धास्ती होती. तिथे हात आवरला होता. मग तो तुमच्या हिशेबात पुण्यात धरायचा का? मला याचं उत्तर माहीत नाही. तुम्ही म्हणता शब्द दुबळ्याच्या हाती येतो. तिथे तर शब्दच दडवून ठेवला.

न्यूजर्सीकर, तुम्हाला एक विचारतो. खालून वर जातो म्हणता, तो जातो कसा? होड्यांची गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची झाली. आज तुमच्यासारखी नोकरी करणारी बाई नक्की काय करते?

---

न्यूजर्सीकर

रवांडावर मलाही उत्तर नाही.

काय करते ते सांगते. आमच्या भागाच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसात फोन करते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, गाडीत बसून. बहुतेक वेळा विशी-बाविशीतला एखादा उमेदवारी करणारा मुलगा उचलतो. तो आधी नाव विचारतो, मग पिनकोड. पिनकोड त्यांच्या मतदारसंघातला असेल तरच पुढे लिहून घेतो. मी सांगते, एड्सच्या औषधांचा निधी कापू नका, माझं मत या प्रश्नावर ठरेल. तो म्हणतो, कळवतो. दीड-दोन मिनिटांत फोन संपतो. दिवसाअखेरी कुठल्या विषयावर किती फोन आले याचा आकडा वर जातो.

गेल्या वर्षी मी असे अकरा फोन केले. एकदा त्या मुलाने विचारलं, "तुमचे कुणी नातेवाईक आफ्रिकेत आहेत का?" नाहीत म्हटलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आज सकाळपासून तुम्ही चौथ्या."